श्रोता मिळेना

रेवती घरत हिनं बाहेरच्या दाराच्या दांड्याला हात घातला, तेव्हा तिच्या अंगात अवकाशपोशाख नव्हता. साधा सुती कुडता होता, पायांत मोजे होते आणि मनात एवढंच होतं की जरा बाहेर जाऊन येऊ.

दार उघडलं नाही. मिठागर वसाहतीतल्या प्रत्येक देवडीला, म्हणजे आतलं दार आणि बाहेरचं दार यांच्यामधल्या चिंचोळ्या खोलीला, एवढी अक्कल दिलेली होती की आतल्या माणसानं पोशाख चढवलेला नसेल, तर बाहेरचं दार जागचं हलायचं नाही. तांबडा दिवा लागला आणि रेवती भानावर आली. दाराच्या पलीकडे हवा नव्हती. रक्त गोठवणारी थंडी होती आणि नजर पोचेल तिथवर पांढरंफटक मैदान होतं. आपण काय करायला निघालो होतो हे लक्षात येताच तिनं दांड्यावरचा हात काढला. ती मटकन खाली बसली. मटकन म्हणजे सेरेसच्या मानानं. तिथं माणसाचं वजन जेमतेम एका भरल्या तांब्याएवढं, त्यामुळे हातपाय गळालेल्या माणसालासुद्धा जमिनीवर पोचायला वेळ लागतो.

तांबडा दिवा लागला की वसाहतीच्या डॉक्टरांना वर्दी जाते. डॉ. खोब्रागडे भिंतीवरच्या दोराला धरत धरत आले. देवडीचं आतलं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं आणि ते तिच्याशेजारी येऊन बसले. साठी ओलांडलेला, चंद्रपूरकडचा माणूस. कुणावर आवाज चढवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"मला मरायचं नव्हतं हो डॉक्टर," रेवती म्हणाली. "शपथेवर सांगते. फक्त बाहेर जायचं होतं."

"समजलं. किती दिवसांपासून होतंय असं?"

"पुष्कळ झाले. आधी नुसतं छत खाली आल्यासारखं वाटायचं. मग श्वास अडकायला लागला. घेतलेलाच श्वास पुन्हा आत जातोय, असं वाटतं सारखं."

"तसंच आहे ते," डॉक्टर म्हणाले. "आपण सगळे तीच हवा गाळून गाळून घेतो. खोटं काहून सांगू? हेरंबला बोललीस का?"

हेरंब म्हणजे रेवतीचा नवरा. जमिनीखालचं खारं पाणी उपसणाऱ्या पंपांचा अभियंता.

"त्याला काय बोलायचं? तो इथं खुशीत आहे. त्याच्यासाठी तर आले मी. आता रडगाणं गाऊन त्याचा विरस कशाला करू?"

डॉक्टरांनी दाराच्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे बघ, दिवा लागलाय. माझ्यापुढं दोनच वाटा आहेत. एक तर तू श्रोता घे. नाही तर पृथ्वीचं यान येईपर्यंत मला तुला देखरेखीच्या खोलीत ठेवावं लागेल."

देखरेखीच्या खोलीला खिडकी नव्हती आणि तिचं दार बाहेरून बंद होई. यान यायला अजून दीड वर्ष होतं.

"श्रोता घेते," ती म्हणाली.

"आणि मागणी मागं घ्यायची सवलत दिवा लागलेल्या माणसाला नसते. तूच केलेला नियम आहे."

नियम तिचाच होता. श्रोता नेमण्याचे सगळेच नियम तिचे होते, आणि ते कसे झाले हे सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही.

सेरेस हा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला सगळ्यांत मोठा गोळा. त्याच्या पोटात बर्फ आहे, खारं पाणी आहे, आणि एका मोठ्या विवराच्या तळाशी पांढऱ्या क्षारांची मैदानंच्या मैदानं आहेत. पहिल्या तुकडीतली बरीच माणसं उरण-पेणकडची होती. त्यांनी ते मैदान पाहिलं आणि वसाहतीचं नाव मिठागर ठेवून टाकलं. खरं तर ते मीठ नव्हे, धुण्याचा सोडा आहे. पण धुण्याच्या सोड्याचं नाव घेऊन कोण घर बांधतो?

इथं माणसाचं मन बिघडलं तर दाखवायचं कुणाला, हा प्रश्न पहिल्या वर्षातच उभा राहिला. पृथ्वीवर चांगले समुपदेशक होते, पण सेरेसवरून निघालेला शब्द तिथं पोचायला कधी पाव तास लागे, कधी अर्धा, आणि उत्तर यायला तेवढाच वेळ पुन्हा. माणूस ढसाढसा रडून मोकळा व्हायचा, तोंड धुऊन जेवायला बसायचा, आणि वरणभाताचा घास घेताना पडद्यावरची बाई मायेनं म्हणायची, "रडावंसं वाटतंय ना? रडा." दोनचार जणांनी तर पडद्यालाच बुक्क्या घातल्या. समुपदेशक गावातलाच हवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

गावात एक होता, डॉ. खोब्रागडे. पण ते रोज सगळ्यांबरोबर जेवायचे, पत्ते खेळायचे, पोरांच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढायचे. त्यांच्यापुढं कुणी मन उघडं करेना. म्हणून त्यांनी वेगळा विचार केला. वसाहतीतल्या प्रत्येक सज्ञान माणसाला त्यांनी ऐकण्याचं शिक्षण दिलं: मध्ये बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही, ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतःविषयी अवाक्षर बोलायचं नाही. अशा शिकलेल्या माणसाला श्रोता म्हणायचं. कोणीही कोणाचाही श्रोता होऊ शकेल. अट एकच, की तो ओळखीचा नसावा.

इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. वसाहतीच्या प्रमुख तारामतीताई म्हात्रे यांनी माणसं गोळा केली होती ती अस्सल आपल्या पद्धतीनं. परीक्षा, मुलाखती, सगळं रीतसर, पण शेवटी "ओळखीचा आहे का कुणाच्या?" हे विचारल्याशिवाय त्यांची सही होत नसे. कोट्यवधी मैलांवर नेऊन ठेवायचं, तर माणूस माहितीतला बरा. परिणाम असा झाला, की श्रोते नेमून द्यायचं काम अंगावर घेतलेल्या रेवतीनं पहिल्यांदा संगणकाला "नात्यातला किंवा नात्यातल्यांच्या ओळखीतला श्रोता नको" असं बजावलं, तेव्हा संगणकानं प्रत्येक माणसासमोर एकच उत्तर दिलं: कोणीही नाही.

"माझ्यासाठी जनार्दनसुद्धा का नाही?" रेवतीनं तेव्हा डॉक्टरांना वैतागून विचारलं होतं. जनार्दन हा नळखान्यातला माणूस, मुका म्हणावा इतका अबोल.

"त्याच्या मेहुणीचा दीर तुझ्या मामेबहिणीच्या लग्नात जेवून गेलाय."

"डॉक्टर, ही काय ओळख झाली?"

"तेच तुला विचारतो. ओळख म्हणजे नक्की काय? तू गणिती आहेस. मोजून दाखव."

रेवतीनं ते मनावर घेतलं. काही दिवसांनी ती एक सूत्र घेऊन आली.

"नातं मी सूत्रातून काढूनच टाकलंय," तिनं सांगितलं. "रक्ताचं नाही, लग्नाचं नाही, काही नाही. नात्यानं माणूस कळतो असं समजणं हीच गफलत होती. मी एवढंच मोजते, की एका माणसानं दुसऱ्याला स्वतःविषयी नवीन किती सांगितलं. आधी सांगून झालेलं पुन्हा सांगितलं तर धरायचं नाही."

"आणि कामाचं बोलणं?"

"तेही नाही. नाही तर पाळीप्रमुख दिवसभर हुकूम सोडतो म्हणून सगळ्यांचा जिवलग ठरेल. 'झडप बंद कर', 'डबा आण', 'किती वाजता येणार' यातून माणसाविषयी काहीच कळत नाही. त्याला शून्य."

"माणूस बदलतो, रेवती. दहा वर्षांपूर्वीचा मी आज नाही."

"म्हणून ओळख विरत जाते असंही धरलंय. किरणोत्सारी धातू जसा आपोआप कमी होत जातो, तशी. नव्यानं भर घातली नाही, तर जुनी ओळख हळूहळू शून्याकडे जाते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोन्ही बाजूंचा गुणाकार करायचा. तुम्ही मला सगळं सांगितलंत आणि मी गप्प बसले, तर गुणाकार शून्य, म्हणजे ओळख शून्य. त्यामुळे श्रोता कितीही ऐकून घेवो, तोंड मिटून राहिला तर तो श्रोता राहतो. स्वतःचं सांगायला लागला की आकडा चढतो. मर्यादेच्या वर गेला की तो अपात्र."

या आकड्याला तिनं परिचयांक असं नाव दिलं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात एक गुंडी असे. ती बोलणं ऐके, त्यातलं नवं काय ते जोखे आणि शब्द जागच्या जागी पुसून टाकी. मागं उरे तो नुसता आकडा. डॉक्टरांनी सूत्र दोनदा वाचलं आणि खूश होऊन तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप जरा जोरात बसली आणि रेवती समोरच्या भिंतीपर्यंत तरंगत गेली.

परिचयांक मोजून सगळ्यांत कमी आकड्याचा श्रोता नेमणारं यंत्र, म्हणजे परिचयमापक, सुरू झालं आणि चाललं. एकच अडचण आली. श्रोत्याचं नाव कळताच लोक नाकं मुरडू लागले. "त्यांच्या आत्याचं आणि आमचं पटत नाही," "तो घोरतो," "ती माझ्या बायकोच्या मावशीसारखी दिसते." तेव्हा रेवतीनं आणखी एक नियम करून टाकला: नाव बदलून मिळणार नाही. फार तर मागणी मागं घ्या. श्रोत्याला मात्र कोण येणार ते आधी कळायचं नाही. त्याला फक्त वेळ कळायची.

आता दांड्याची हकीकत झाल्यावर रेवती परिचयमापकाच्या कक्षात गेली, दार लोटून घेतलं, पण कडी लावायचा धीर झाला नाही. तिनं मागणी घातली. मनातून तिला जनार्दन हवा होता. तो ऐकेल, मान हलवेल आणि नळखान्यात परत जाईल. त्याच्यासमोर लाजायचं तरी काय?

पडद्यावर नाव आलं. हेरंब घरत.

रेवती हसली. मग तिला राग आला. यंत्र बिघडलं, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं बाह्या सरसावल्या आणि गणित उलगडून बसली. गुंड्या तपासल्या, दोन्ही ठाकठीक होत्या. ओळख विरण्याचा वेग तपासला. तो सगळ्यांना सारखाच होता. जनार्दनचा आकडा काढून पाहिला. तो तिच्या अपेक्षेपेक्षा बराच वर होता. तेव्हा तिला आठवलं, की एकदा पंगतीत जनार्दन तिच्या शेजारी बसला होता आणि बसल्या बसल्या त्यानं आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं होतं. तिनंही त्याला आपल्या आईचं शेवटचं आजारपण सांगितलं होतं. हेरंबला त्यातलं अर्धंही कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग तिच्या ध्यानात यायला लागलं. मिठागरात सगळे पंगतीनं जेवत. रोज शेजारी बदलायचा अशी तारामतीताईंची शिस्त होती, म्हणजे सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडेल. नवराबायकोला मात्र शेजारी बसवत नसत. त्यांना काय, घर आहे की! आणि पंगतीत शेजारी कोण आलं, की मंडळी ओळख काढायला बसत. "तुम्ही कुठले? मग अमक्यांचे कोण?" यातून गाडी बालपणावर जाई, मोडलेल्या लग्नांवर जाई, दुखऱ्या गुडघ्यावर जाई. सगळ्या वसाहतीनं सगळ्या वसाहतीची ओळख काढली होती. हेरंबची ओळख काढायचं रेवतीला कधी सुचलंच नव्हतं. स्वतःच्या नवऱ्याला कोण विचारतं, तुम्ही कुठले म्हणून?

घरी ती दोघं बोलत नव्हती असं नाही. सकाळपासून बोलत असत. हवेची गाळणी पाहिलीस का? पाळी किती वाजता संपेल? माझा मोजा कुठं गेला? दिवा घालव आता. या सगळ्याला तिनंच शून्य द्यायला सांगितलं होतं, आणि यंत्रानं इमानेइतबारे शून्य दिलं होतं. लग्नाच्या सुरुवातीची ओळख होती ती केव्हाच विरून गेली होती. साऱ्या सेरेसवर तिला सर्वांत अनोळखी माणूस तिच्याच अंथरुणात झोपत होता.

रेवतीला रडू फुटलं. सूत्र चुकलं म्हणावं, तर परिचयमापक बंद करावा लागणार आणि जी माणसं आज श्रोत्याच्या आधारानं उभी आहेत, ती उघड्यावर पडणार. बरोबर आहे म्हणावं, तर हेरंबसमोर बसून सांगावं लागणार, की तुझ्या हौसेपायी मी इथं गुदमरतेय. मागणी मागं घेता येत नाही. नाव बदलता येत नाही. आणि तिसरी वाट म्हणजे ती बाहेरून बंद होणारी खोली. स्वतःच्याच हातानं विणलेल्या जाळ्यात ती अशी अडकली होती, की कुठला धागा ओढावा ते कळेना.

शेवटी तिला त्या खोलीची भीती जास्त वाटली, आणि ती गेली.

श्रवणकक्ष म्हणजे पट्ट्याच्या दोन खुर्च्या असलेली लहानशी खोली. दोन माणसं आत आली की दार मिटे आणि वेळ संपली की आपण होऊन उघडे. हेरंब आधीच येऊन बसला होता. पट्टा बांधून, पाठ ताठ ठेवून, शिकवल्याप्रमाणे हात मांडीवर ठेवून. तिला पाहताच तो अर्धवट उठला.

"अगं, तू कशी इथं? कुणीतरी यायचंय माझ्याकडे. काही हवंय का?"

"मीच."

"मीच म्हणजे?"

"यायचं होतं ते माणूस मीच, हेरंब."

तिच्या मागं दार मिटलं. तिनं तिकडे न बघता घाईघाईनं पट्टा बांधून घेतला. हेरंब थक्क होईल, चिडेल, निदान हसेल अशी तिची अटकळ होती. त्यानं नुसती मान खाली घातली.

"म्हणजे तुलाही घरचंच नाव आलं," तो पुटपुटला.

"तुलाही म्हणजे?"

हेरंबनं जीभ चावली. "ते राहू दे. तू बोल. मी ऐकतोय."

"हे बघ, शिकवलेलं बोलू नकोस माझ्याशी!"

"नियम आहे, रेवा. मी माझं बोलायचं नसतं."

नियमाला तो पहिल्यापासून असाच चिकटून असायचा. रेवतीला त्याचा हेवा वाटे, कधी कीवही येई. आता मात्र तिचा बांध फुटला. पूर्वेच्या देवडीत गेले होते, तिनं सांगितलं. पोशाख न घालता गेले होते. दांडा ओढला. तुला इथं आवडतं म्हणून आजवर बोलले नाही, पण मला आता या भिंती सोसवत नाहीत. जेवताना सोसवत नाहीत, झोपताना सोसवत नाहीत. तू शेजारी घोरत असतोस आणि मी छताकडे बघत मोजत असते, की यान यायला किती दिवस उरले.

हेरंब मध्ये एक शब्द बोलला नाही. पण मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकले होते. ती बोलायची थांबली. मग एकदम त्याच्या तोंडून निघालं, "मी पोशाख घालून जातो."

"काय?"

"दिवा लागू नये म्हणून. पश्चिमेच्या देवडीतून जातो. पंप बघायचाय म्हणून सांगतो, कुणी काही विचारत नाही. मैदानात जाऊन उभा राहतो, आणि मग आत यावंसंच वाटत नाही. हवेचा काटा खाली खाली येत जातो आणि मी त्याच्याकडे बघत राहतो. शेवटच्या रेघेला परत फिरतो. गेल्या खेपेला रेघेच्याही खाली गेला होता."

रेवतीच्या मनात आलं: आपण घरी छताकडे बघत दिवस मोजत होतो आणि हा पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन मरणाच्या दारात उभा राहून येत होता. आल्यावर विचारत होता, जेवलीस का.

"कुणाला सांगितलंस का हे?"

"श्रोता मागितला होता. तुझं नाव आलं. मागणी मागं घेतली."

"का पण?"

"तुझंच सूत्र ते. माझी बायको मला सगळ्यांत कमी ओळखते असं तुझ्याच यंत्रानं सांगितलंय, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? आणि तू इथं आनंदात होतीस. म्हणजे मला वाटत होतं. तुझ्यासाठीच तर आलो आपण."

"माझ्यासाठी?"

"मग? तारामतीताई उरणला आपल्या घरी चहाला आल्या होत्या. त्या गेल्यावर मी तुला विचारलं, जायचं का? तू म्हणालीस, चालेल."

"तू विचारलंस म्हणून म्हणाले, चालेल!"

"मी ताईंना नाही कसं म्हणणार, म्हणून विचारलं. मला वाटलं, तू नको म्हणशील आणि विषय संपेल."

एका चहाच्या कपावर दोघांनी एकमेकांचं मन राखलं होतं आणि त्यापायी सूर्यमालेच्या अर्ध्या वाटेवर येऊन पडली होती. रेवतीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं तेच कळेना. तिनं हसायला सुरुवात केली आणि मध्येच ती रडायला लागली. हेरंबनं पट्ट्यातूनच पुढं वाकून तिचा हात धरला. मग तो सांगत राहिला. आपल्याला लहानपणापासून विहिरीत वाकून बघायची भीती होती, बर्फाखालच्या पाण्याचा आवाज पंपातून ऐकू येतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि हे आपण कधी कुणाजवळ बोललो नाही, तिच्याजवळसुद्धा नाही. रेवतीही सांगत राहिली. आई गेली ते दिवस सांगितले, इथं आल्यावर पहिल्या रात्री न्हाणीघरात तोंड दाबून रडले होते तेही सांगितलं.

तेवढ्यात छतातून सौम्य आवाज आला.

"परिचयांक मर्यादेबाहेर गेला आहे. श्रोता अपात्र. संवाद संपला आहे."

दार आपोआप उघडलं.

बरोबर होतं. गुणाकाराच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या आणि आकडा चढला होता. रेवतीनंच शिकवलं होतं यंत्राला. हेरंब आता तिला ओळखत होता, म्हणून तिचा श्रोता व्हायला नालायक ठरला होता.

हेरंबनं निमूटपणे पट्टा सोडला. "उठावं लागेल. तुला आता दुसरं नाव मिळेल. जनार्दन बरा आहे, मिळाला तर बघ."

"आणि तुला?"

"मलाही बघू. जमेल तेव्हा." तो दारापर्यंत गेला आणि घुटमळला. आवाज खाली आणून म्हणाला, "रेवा, ते पोशाखाचं डॉक्टरांना नको हं सांगू. ते बाहेर जाणं बंद करतील माझं. तेवढीच एक मोकळी जागा आहे मला. इथलं बोलणं इथंच राहतं, तसा नियमच आहे."

रेवतीनं नियम आठवून पाहिला. हेरंबचं खरं होतं आणि नव्हतंही. तोंड मिटून ठेवायचं बंधन श्रोत्यावर होतं. मन मोकळं करायला आलेल्यावर कसलंच बंधन नव्हतं, कारण श्रोताच आपलं दुःख सांगत बसेल, हे सूत्र लिहिताना तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. बाहेर जाणं थांबलं, की या भिंतींमध्ये हेरंबची काय अवस्था होईल, ते साऱ्या मिठागरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला जिवंत ठेवायचं, तर आत कोंडायला आपणच सांगायला हवं, हे तिच्या लक्षात आलं. ते करायला पृथ्वीवरून कुणी येणार नव्हतं. यान यायला दीड वर्ष होतं आणि रडल्यानं त्यातला एक दिवसही कमी झाला नव्हता.

"तू बोललास, मी ऐकलं," ती म्हणाली. "मी सांगणार आहे."

"रेवा, मी तुला विश्वासानं सांगितलं."

"माहीत आहे. म्हणूनच सांगणार. मी काही तुझी श्रोता नाही, हेरंब. बायको आहे."

तो रागावला. तिनं इतक्या वर्षांत त्याला तसं रागावलेलं पाहिलं नव्हतं. एका हातानं भिंतीवरचा दोर आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरून ती डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली. त्यानं मनगट सोडवून घ्यायची खटपट केली, पण तिनं ते सोडलं नाही.